परदेशात नेहमीचा नंबर चालू ठेवायचा तर सिम फोनमध्येच राहू द्या

गोव्यात मोप्याच्या किंवा दाबोळीच्या विमानतळावर चेक-इन उरकलं की आपल्याकडचे बरेच जण एक ठरलेलं काम करतात. कानातल्याची तार नाहीतर टाचणी शोधतात, फोनमधलं सिम काढतात आणि कागदात गुंडाळून पासपोर्टच्या कव्हरात ठेवतात. रोमिंगचं बिल येईल, ही भीती. मस्कतला किंवा लिस्बनला उतरून तिथलं सिम घातलं की व्हॉट्सॲप चालतं आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. आठ-दहा दिवसांनी बँकेचा ओटीपी लागतो, किंवा फोन रीसेट होऊन व्हॉट्सॲप पुन्हा कोड मागतं. मग गोव्यातल्या साखळीला घरी रात्री अकरा वाजता फोन जातो.

मीही हेच केलं होतं. मस्कतमध्ये तिसऱ्या दिवशी फोन अडकला, रीसेट करावा लागला, व्हॉट्सॲपने सहा आकडी कोड मागितला. सिम परत घातलं तर नेटवर्कच नाही, कारण रोमिंग चालू केलेलं नव्हतं. रोमिंग चालू करायला कंपनीचं ॲप उघडावं तर त्याच्या लॉगिनचा ओटीपीही त्याच सिमवर येणार. घरच्यांना दुकानात पाठवलं, तेव्हा कळलं की सिम वडिलांच्या नावावर आहे आणि त्यांनी स्वतः आधार घेऊन यायला हवं. वडील गुडघ्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. पाच दिवस मी सगळ्यांच्या लेखी गायब होतो.

खालची पद्धत त्या पाच दिवसांनंतर बसवलेली आहे. क्रम बदलू नका. बहुतेकांचं घोडं क्रमातच अडतं.

आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

लोक “नंबर चालू” म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात.

पहिली गोष्ट ॲपची नोंदणी. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांवर तुमचं खातं एका नंबरावर उघडलेलं असतं. दुसरं सिम घातलं म्हणून ते खातं आपोआप दुसऱ्या नंबरावर जात नाही.

दुसरी गोष्ट सिमवर येणारा एसएमएस. बँकेचा ओटीपी, ॲपचा कोड, सरकारी पोर्टलचा कोड हे सगळं इंटरनेटवरून येत नाही, सिमला नेटवर्क असेल तरच येतं.

तिसरी गोष्ट इंटरनेट. ते कुठूनही घेता येतं: तिथलं सिम, प्रवासाचं इसिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चढवायचं सिम), हॉटेलचं वायफाय.

खर्च होतो तो प्रामुख्याने भारतीय सिमवरून डेटा वापरला किंवा कॉल घेतला-केला तर. म्हणून भारतीय सिम फोनमध्ये, रोमिंग चालू, पण त्यावरचा डेटा बंद. इंटरनेट दुसरीकडून. पुढचे सगळे टप्पे एवढ्यासाठीच आहेत.

सिम बाहेर काढून न ठेवण्याचं आणखी एक कारण आता झालं आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप्सना आदेश दिला, की ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालायला हवं, आणि कॉम्प्युटरवरचं वेब व्हर्जन दर सहा तासांनी लॉगआउट व्हायला हवं. सिम फोनमध्येच आहे आणि रोमिंगवर आहे, अशांना याची झळ नाही, हेही विभागाने स्पष्ट केलं. सिम पासपोर्टच्या कव्हरात ठेवण्याची जुनी सवय म्हणूनच आता सोडलेली बरी.

टप्पा १: पंधरा दिवस आधी सिमचा मालक आणि फोनची जागा तपासा

सिम कोणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडे घरातली चार सिमं बाबांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असणं नवं नाही. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसतं. तुमचा नंबर दुसऱ्याच्या नावावरही असू शकतो. परदेशात सिम हरवलं तर नवं सिम फक्त त्या माणसालाच मिळेल. जमत असेल तर आत्ताच नाव बदलून घ्या. जमत नसेल तर निदान तो माणूस दुकानापर्यंत जाऊ शकेल ना, एवढी खात्री करा. वाळपईच्या आतल्या गावातून कंपनीच्या मोठ्या स्टोअरला यायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जातो.

आता फोन. तुम्हाला एका वेळी दोन नंबर चालवणारा फोन हवा: दोन सिमचा, किंवा एक सिम आणि एक इसिमचा. आयफोनमध्ये एक्सएस आणि एक्सआरपासून इसिम आहे. अँड्रॉइडमध्ये मॉडेलप्रमाणे बदलतं. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर “ॲड इसिम” असा पर्याय दिसला की फोन चालणारा आहे.

> खबरदारी: आखातातून नातेवाइकाने आणलेला नवा आयफोन असेल तर बाजूला सिमचा कप्पा आहे का ते बघा. अमेरिकेत आयफोन १४ पासून कप्पा नाही. यूएई, ओमान, कतार, कुवेत, सौदी आणि बहारीन इथे विकला जाणारा आयफोन १७ सुद्धा फक्त इसिमवर चालतो. असा फोन मामाने चवथीला आणून दिला आणि तुमचं सिम अजून प्लास्टिकचं असेल, तर टप्पा २ आजच सुरू करा.

फोन एकाच सिमचा असेल तर? नवा फोन घ्यायची गरज नाही. कपाटातला जुना, चालू अवस्थेतला फोन सोबत न्या. परदेशातलं सिम त्या जुन्या फोनमध्ये घाला आणि त्याचा हॉटस्पॉट चालू करा. रोजच्या फोनमध्ये भारतीय सिम तसंच राहील आणि इंटरनेट हॉटस्पॉटवरून मिळेल. लोक नेमकं उलट करतात, भारतीय सिम जुन्या फोनमध्ये टाकतात. मग व्हॉट्सॲप एका फोनवर आणि सिम दुसऱ्यावर, आणि वर सांगितलेल्या आदेशाच्या दृष्टीने तीच चुकीची बाजू.

टप्पा २: सिम बदलायचं असेल तर किमान आठवडाभर आधी

जुनं सिम झिजलंय, हरवलंय, इसिम करायचंय, नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचाय: यातलं काहीही प्रवासाच्या आदल्या दिवशी करू नका.

सिम बदललं की पुढचे २४ तास त्यावर एसएमएस ये-जा बंद ठेवावी, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. फसवणूक रोखण्यासाठी तो आहे आणि योग्यच आहे, पण संध्याकाळी सिम इसिम करून पहाटेचं विमान पकडणाऱ्याला तो फार महागात पडतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. “आज इसिम, उद्या पोर्ट” हा बेत त्यामुळे जमत नाही.

इसिमचा क्यूआर कोड स्कॅन करताना फोनला इंटरनेट लागतं. गावात रेंज डळमळीत असेल तर हे काम घरच्या वायफायवर नाहीतर पणजी-म्हापशात करा. प्रक्रिया अर्ध्यावर तुटली की जुनं सिम बंद आणि नवं अजून चालू नाही, अशी अवस्था होऊ शकते.

तपासणी: सिम बदलून २४ तास उलटल्यावर घरच्या दुसऱ्या फोनवरून स्वतःला साधा एसएमएस पाठवा. मग बँकेच्या ॲपमधून एखादा ओटीपी मागवा. दोन्ही आले की पुढे.

टप्पा ३: व्हॉट्सॲपला कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा

नुकसान इथे सगळ्यात मोठं होतं, म्हणून या टप्प्याला अर्धा तास द्या. आणि तो प्रवासाच्या धांदलीत काढलेला नको.

(१) सेटिंग्जमध्ये अकाउंट उघडा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. सहा आकडी पिन ठेवा. जन्मतारीख ठेवू नका. पिन आधीच ठेवलेला असेल तर तो आठवतोय का ते तपासा आणि आठवत नसेल तर आत्ताच बदला. नव्या फोनवर खातं उघडताना पिन विसरलात आणि ईमेलही जोडलेला नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं. परदेशात नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सात दिवस म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

(२) तिथेच ईमेल जोडा आणि तो पडताळून घ्या. जो ईमेल तुम्ही खरोखर उघडता तोच. कॉलेजात असताना काढलेला आणि पासवर्ड विसरलेला नको.

(३) पासकीचा पर्याय दिसत असेल तर ती तयार करा. बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने खातं पडताळता येतं, दर वेळी एसएमएसवर अवलंबून राहावं लागत नाही.

(४) बॅकअप घ्या. अँड्रॉइडवर गुगल खात्यात, आयफोनवर आयक्लाउडमध्ये. शेवटच्या बॅकअपची तारीख डोळ्यांनी वाचा. “ऑटो आहे” म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचा बॅकअप जागा संपल्यामुळे महिन्यांपूर्वीच थांबलेला असतो. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून ठेवा. तो पासवर्ड हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा.

(५) महत्त्वाचे नंबर +९१ लावून सेव्ह करा. परदेशातलं सिम असताना नुसते दहा आकडे फिरवले तर फोन तो नंबर त्याच देशात शोधतो. घरच्या लँडलाइनला शून्य काढून +९१ ८३२ आणि पुढचा नंबर. सगळी यादी बदलत बसू नका. आई-वडील, बँक, डॉक्टर, शेजारी, ट्रॅव्हल एजंट आणि मोबाईल कंपनीचा परदेशातून लागणारा पूर्ण नंबर पुरे. १९८ किंवा १२१ सारखे छोटे नंबर परदेशातून लागतील या भरवशावर राहू नका.

टेलिग्राम वापरणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: नव्या लॉगिनचा कोड टेलिग्राम बहुधा आधीपासून चालू असलेल्या फोनवर ॲपमध्येच पाठवतं. म्हणून एखादं जुनं उपकरण लॉगिन ठेवून घरी ठेवलं तर मदत होते. सिग्नलवर रजिस्ट्रेशन लॉक चालू करा आणि पिन लिहून ठेवा.

> खबरदारी: हा सहा आकडी कोड घरच्या ग्रुपवर टाकू नका. “माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव ना” असा मेसेज ओळखीच्या नावाने आला तरी पाठवू नका. त्या ओळखीच्याचं खातं आधीच चोराच्या हातात गेलेलं असतं.

टप्पा ४: आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू, आणि रिचार्जची तारीख

इथे दोन सारख्या नावांची गल्लत होते. आंतरराष्ट्रीय रोमिंग ही कंपनीकडची परवानगी आहे. ती नसेल तर परदेशात तुमच्या सिमला नेटवर्कच मिळत नाही. डेटा रोमिंग हे फोनमधलं बटण आहे. पहिलं चालू हवं, दुसरं भारतीय सिमवर बंद हवं. बिलाच्या भीतीने लोक पहिलंच बंद ठेवतात आणि मग ओटीपी येत नाही म्हणून कंपनीला शिव्या घालतात.

रोमिंग चालू करताना कंपनीच्या ॲपमध्ये किंवा स्टोअरमध्ये तीन प्रश्न विचारा. माझ्या देशात तुमचं कोणतं नेटवर्क भागीदार आहे? येणारा एसएमएस फुकट आहे का? येणारा कॉल उचलला तर मिनिटाला किती? येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत, कॉल उचलला तर लागतात. म्हणून बँकेचा किंवा घरचा कॉल वाजला तर वाजू द्या आणि व्हॉट्सॲपवरून उलट फोन करा. कॉल दुसऱ्या नंबरावर फॉरवर्ड केलेले असतील तर ते निघण्याआधी काढून टाका.

प्रीपेड असेल तर रिचार्जची वैधता परतीच्या तारखेच्या पुढे निदान महिनाभर असू द्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे ९० दिवस काहीच वापर नाही आणि खात्यात २० रुपयांहून कमी शिल्लक असेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. शिल्लक असेल तर २० रुपये कापून ३० दिवस वाढवून मिळतात. पण हा नियम नंबर जाऊ नये म्हणून आहे. ओटीपी यायचा असेल तर वैधता असलेला रिचार्ज लागतो, त्या २० रुपयांवर विसंबू नका.

नंबर एकदा बंद पडला की तो कायमचा तुमचा राहत नाही. किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ शकतो, असं ट्रायनेच २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आहे. मग तुमच्या बँकेचे मेसेज त्या अनोळखी माणसाला जातात.

बिलाची धास्ती असेल तर ज्या बँकेत ओटीपी ईमेलवरही येतो तिथे ती सोय आताच चालू करून घ्या. आणि यूपीआयचं ॲप परदेशात नव्या फोनवर चढवायचा विचार सोडा. ते सिमवरून एसएमएस पाठवून फोन जोडतं, तिथे ते काम अडतं.

टप्पा ५: परदेशातलं इंटरनेट घरी बसूनच तयार ठेवा

दोन-तीन आठवड्यांच्या सहलीला प्रवासाचं इसिम सोयीचं. ते बहुधा फक्त डेटाचं असतं, त्याला स्वतःचा नंबर नसतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. नोकरीला जात असाल तर तिथलं सिम तिथे पोचल्यावर घ्या. पोर्तुगालचं सिम घेतलं तर युरोपियन युनियनच्या इतर देशांतही ते देशांतर्गत दराने चालतं. लिस्बनहून पुढे इंग्लंडमधल्या स्विंडनला नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी लक्षात घ्या, ब्रिटन आता त्यात नाही.

इसिम घरीच फोनमध्ये चढवा. परदेशात उतरून विमानतळाच्या वायफायवर क्यूआर स्कॅन करणं म्हणजे हौस. तो क्यूआर तुमच्याच फोनच्या ईमेलमध्ये असतो आणि स्कॅनही त्याच फोनने करायचा असतो, हे तेव्हाच लक्षात येतं. पण पॅक कधी सुरू होतो ते आधी वाचा. काही पॅक तिथल्या नेटवर्कला जोडल्यावर सुरू होतात, काही चढवल्याक्षणी.

फोनमधल्या दोन्ही ओळींना, म्हणजे भारतीय सिमला आणि परदेशातल्या सिम किंवा इसिमला, नावं द्या: “गोवा” आणि “प्रवास”. प्रायमरी-सेकंडरी या नावांनी रात्री दोन वाजता सगळ्यांचाच गोंधळ होतो.

तालीम

निघण्याच्या दोन दिवस आधी घरी करून बघा. भारतीय सिमचा मोबाईल डेटा बंद करा, फोन वायफायवर ठेवा. व्हॉट्सॲपचा मेसेज जातोय का? बहिणीने पाठवलेला एसएमएस येतोय का? दोन्ही होत असेल तर तुमची मांडणी बरोबर आहे. होत नसेल तर अजून दोन दिवस हातात आहेत, आणि दुकानदार मराठीत बोलतो.

टप्पा ६: उतरल्यावर, याच क्रमाने

विमानाची चाकं टेकली की सगळे एकदम फोन चालू करतात. तुम्ही थांबा. फ्लाइट मोड चालू असतानाच पुढचं करा.

१. “गोवा” ओळीवर डेटा रोमिंग बंद आहे ना, बघा.

२. मोबाईल डेटासाठी “प्रवास” ओळ निवडा.

३. आयफोनवर मोबाईल डेटा स्विचिंगचं, अँड्रॉइडवर ऑटो डेटा स्विचिंगचं बटण बंद करा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. ते चालू राहिलं तर परदेशी नेटवर्क क्षीण झालं की फोन न विचारता भारतीय सिमवरून डेटा घेऊ शकतो.

४. “प्रवास” ओळ इसिम असेल तर तिच्यावर मात्र डेटा रोमिंग चालू करा. प्रवासाची बरीच इसिमं तिसऱ्याच देशाच्या कंपनीची असतात, त्यांच्या दृष्टीने तीही रोमिंगच. “रोमिंग बंद ठेव म्हणून सांगितलं होतं” असं म्हणत लोक इथेही बंद ठेवतात आणि इंटरनेट नाही म्हणून तक्रार करतात.

५. आता फ्लाइट मोड बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. परदेशात पहिल्यांदा नेटवर्क पकडायला वेळ लागतो.

६. भारतीय सिमवर कंपनीचा स्वागताचा एसएमएस येतो, त्यात तिथले दर असतात. तो आला म्हणजे एसएमएस येतोय याचा पुरावाच. दराचा स्क्रीनशॉट ठेवा.

७. व्हॉट्सॲप उघडून घरी “पोचलो” लिहा. मग घरून एक साधा एसएमएस मागवा.

> खबरदारी: नवं सिम दिसलं की काही फोनवर व्हॉट्सॲप विचारतं, नंबर बदलला का? “नाही” म्हणा. घाईत “चेंज नंबर” पूर्ण केलंत तर खातं नव्या नंबरावर जातं, ग्रुपमध्ये तशी सूचना जाते, आणि परत यायचं तर जुन्या नंबरावर कोड यावा लागतो.

तिथे कामासाठी स्थानिक नंबरावरही व्हॉट्सॲप हवं असेल, तर नंबर बदलू नका, दुसरं खातं उघडा. अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती ठेवता येतात. नाहीतर स्थानिक नंबरासाठी व्हॉट्सॲप बिझनेस वापरा.

आयफोनवाल्यांना आणखी एक. नवं सिम दिसलं की आयमेसेज आणि फेसटाइम नंबर पुन्हा जोडायला बघतात आणि त्यासाठी फोन गुपचूप एक परदेशी एसएमएस पाठवतो, त्याचे पैसे लागतात. मेसेजेसच्या सेटिंग्जमध्ये तुमचा +९१ नंबरच निवडलेला आहे ना, एवढं बघा.

टप्पा ७: अडलं तर कुठे बघायचं

ओटीपी येत नाही. आधी “गोवा” ओळीवर नेटवर्कचे दांडे आहेत का बघा. नसतील तर नेटवर्कची आपोआप निवड बंद करून यादीतून कंपनीने सांगितलेलं भागीदार नेटवर्क हाताने निवडा. फोरजी कॉलिंगचं बटण चालू करा, कारण ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांत जुनी थ्रीजी बंद झाली आहे. ऑस्ट्रेलियात ती २०२४ मध्ये गेली. दांडे आहेत तरी एसएमएस येत नसेल तर फोन बंद करून चालू करा. ओटीपीचं बटण पाच वेळा दाबू नका. उशिरा आलेले पाचही कोड एकदम येतात आणि चालणारा कोणता ते कळत नाही.

रोमिंग चालू करायला विसरलात आणि ॲपमध्ये शिरता येत नाही, अशी माझ्यासारखी गत झाली तर घरच्यांना तुमच्या नंबरावर रोमिंगचा पॅक रिचार्ज करायला सांगा. प्रीपेडवर बऱ्याचदा त्यानेच काम होतं. मला हे चौथ्या दिवशी सुचलं.

व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. दुबईत किंवा कतारमध्ये असाल तर हा तुमच्या फोनचा दोष नाही. तिथे व्हॉट्सॲपच्या कॉलवर बंधन आहे, मेसेज आणि फोटो जातात. कॉलसाठी तिथली परवानगी असलेली ॲप्स वापरा. आपले लोक काय करतात? व्हॉट्सॲप काढून टाकतात आणि पुन्हा चढवतात. चढवताना कोड मागतो आणि चांगलं चाललेलं मेसेजिंगही जातं. परदेशात असताना व्हॉट्सॲप कधीही अनइन्स्टॉल करू नका. चीनमध्ये तर तिथल्या सिमवर व्हॉट्सॲप मुळातच उघडत नाही. तिथे बाहेरच्या देशाचं इसिम किंवा भारतीय सिमचा डेटा पॅक घ्यावा लागतो, आणि तिथेच फक्त मी भारतीय पॅकवर पैसे खर्च करा म्हणेन.

फोन हरवला. आधी घरच्यांना सांगून सिम बंद करा, कारण ते सिम उघडं असेल तर कोड चोराकडे जातात. फोनच्या सिमला पिन लावून ठेवला असेल तर थोडा वेळ मिळतो. नव्या फोनवर व्हॉट्सॲप उघडायला पासकी, ईमेल आणि पिन हे टप्पा ३ मधले तिघेच कामाला येतात. गोव्यात नवं सिम काढलं तर ते तुमच्यापर्यंत पोचायला कोणीतरी येणारा लागतो. इसिम असेल तर तो त्रास वाचतो, आणि म्हणूनच लांबच्या मुक्कामाला मी इसिमच सुचवतो.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी वेगळं

आपल्या तारवटींना (बोटीवरच्या खलाशांना) वरच्यातलं बरंच लागू आहे, एक सोडून. खुल्या समुद्रात काही जहाजांचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, उपग्रहावरून चालणारं. फोन त्याला जोडला गेला की दर जमिनीवरच्या रोमिंगच्या कित्येक पट, आणि देशाचे साधे पॅक तिथे चालतातच असं नाही. म्हणून बंदर सुटलं की फ्लाइट मोड, आणि फक्त जहाजाचं वायफाय. ओटीपीची कामं बंदरात उतरल्यावर उरकून घ्या.

दुसरं, वायफाय महाग म्हणून महिनोन्‌महिने व्हॉट्सॲप न उघडणारे असतात. १२० दिवस खातं वापरलं नाही तर व्हॉट्सॲप ते सहसा काढून टाकतं. महिन्यातून एकदा तरी उघडा. केबिनमधल्या लॅपटॉपवर जोडलेलं खातंही, मुख्य फोन १४ दिवस इंटरनेटवर आला नाही तर लॉगआउट होतं.

सहा-नऊ महिन्यांच्या करारावर जाताना रिचार्जची तारीख घरच्या एका माणसाच्या फोनमध्ये गजर लावून ठेवा. “सगळे बघतील” म्हटलं की कोणीच बघत नाही.

परत आल्यावर

उतरण्याआधी पुन्हा फ्लाइट मोडमध्ये डेटा “गोवा” ओळीवर आणा. हे विसरलं की मोप्याच्या बाहेर टॅक्सी बुक होत नाही आणि लोक सिम खराब झालं म्हणतात. “प्रवास” इसिम लगेच पुसू नका. ते बंद करून आठवडाभर ठेवा, हॉटेलचा परतावा किंवा तिथल्या एखाद्या खात्याचा शेवटचा मेसेज बाकी असतो. तिथलं प्लास्टिकचं सिम मात्र त्याच्या मूळ कार्डावर चिकटवून, पिन लिहून, पासपोर्टच्या कव्हरात ठेवा. ती जागा त्याच्यासाठी.